एकाच पत्त्यावरच्या दोघी

आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला नव्याने आलेली बाई मला हमखास विचारायची, "तुम्ही हॉस्पिटलात असता ना? नर्स का?" मी म्हणायची, "नाही, मी कॅन्सरच्या नोंदी ठेवते." त्यावर ती "अगंबाई" म्हणायची आणि वाण घेऊन पलीकडे सरकायची. बावीस वर्षं हे चाललं. आता नोकरी सोडून वर्ष होत आलंय, तेव्हा मंडळाच्या या अंकाच्या निमित्ताने मी काय करत होते ते एकदा नीट सांगून टाकते.

यजमानांची बँकेत बदली झाली म्हणून आम्ही कोलकात्याला आलो, ते तीन वर्षांसाठी. मी संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. मुलगा शाळेत जायला लागला आणि एका मोठ्या रुग्णालयाच्या कर्करोग नोंदणी विभागात जागा निघाली. पुढे यजमानांच्या पाटणा, भुवनेश्वर अशा बदल्या होत राहिल्या, पण मी मुलाला घेऊन इथेच राहिले. "सुनेत्राला स्वर्गात नेलं तरी ती आधी तिथलं हजेरीपुस्तक मागेल," असं ते म्हणायचे. खोटं नाही. मला याद्या आवडतात. वाणसामानाची यादी मी अजूनही दुकानाच्या फळ्यांच्या क्रमाने करते.

आमची खोली तिसऱ्या मजल्यावर, लांबट, दोन्ही भिंतींना लोखंडी कपाटं. हिवाळ्यात अकरा वाजता ऊन टेबलावर यायचं आणि निमाईदा आपली खुर्ची उन्हाबरोबर सरकवत न्यायचे. निमाईदा आमचे हेडक्लार्क. हे काम मला त्यांनीच शिकवलं. बंगाली तोंडात माझं नाव 'शुनेत्रा' झालं, त्याला त्यांनी 'दी', म्हणजे ताई, जोडलं, आणि वयाने बारा वर्षं मोठा माणूस मला बावीस वर्षांतली पहिली अठरा 'शुनेत्रादी' म्हणत राहिला. चार वाजता कागदाच्या ठोंग्यातून मुडी यायची, म्हणजे आपले कुरमुरे, मोहरीचं तेल आणि कच्ची मिरची घातलेले. ते खाताना वहीला हात लावायचा नाही हा नियम. तो माझा होता.

काम सांगायला सोपं आहे. शहरातली रुग्णालयं, खासगी प्रयोगशाळा, मृत्यूची नोंद करणारी कार्यालयं, सगळीकडून कागद गोळा करायचे आणि प्रत्येक रोग्याची एक ओळ लिहायची. नाव, वय, वडिलांचं नाव, पत्ता, आजार शरीरात कुठे, पेशी कोणत्या जातीच्या, उपचार काय, आणि शेवटी माणूस हयात असल्याचं कोणत्या तारखेला कळलं. एकच माणूस चार ठिकाणी तपासून घेतो, त्यामुळे त्याच्या चार ओळी होतात. त्या शोधून एक करायच्या, नाहीतर शहरात आहेत त्यापेक्षा जास्त रोगी दिसतील. आमच्या खात्यात सगळ्यात मान याच कौशल्याला.

हे सगळं कशासाठी, असं लोक विचारतात. पोटाच्या कॅन्सरचंच उदाहरण देते. 'पोटाचा कॅन्सर' हे नाव एक आहे, आजार एक नाही. पहिल्याच आठवड्यात निमाईदांनी कागदावर पोटाचं चित्र काढलं. ते वांग्यासारखं दिसत होतं. त्यावर देठापाशी एक फुली मारली, खाली पोटात एक.

"देठापाशी, म्हणजे अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथला आजार वेगळा," ते म्हणाले. "तो बहुतेक सुखवस्तू माणसांचा. वजन वाढलेलं, वर्षानुवर्षं आंबट वर येणारं, त्यात सिगारेट. खालचा आजार वेगळा. तिथे एक जंतू लहानपणीच मुक्काम ठोकतो, तीस-चाळीस वर्षं अस्तर पोखरतो. खारवलेलं, धुरावलेलं खाणं आणि तंबाखू त्याला मदत करतात. सगळ्यांना होत नाही. जंतू पुष्कळांच्या पोटात असतो, आजार थोड्यांना होतो."

"आणि नुसतं 'पोट' लिहून आलं तर?"

"तर फोन करायचा. फोन नाही उचलला तर जायचं. 'पोट' लिहिणारा डॉक्टर आळशी असतो, शुनेत्रादी, आपण नाही."

वरचा-खालचा हा एक हिशेब. दुसरा सूक्ष्मदर्शकाखालचा. एका जातीत पेशी एकत्र राहून नळ्यांसारख्या रचना करतात, गाठ होते. ही हळूहळू वाढते, उतारवयात दिसते, पुरुषांत जास्त. लोकांच्या घरात फ्रिज आले, स्वच्छ पाणी आलं, तशी पुष्कळ देशांत ही कमी होत गेली. दुसरी जात विखुरणारी. तिच्या पेशी एकमेकींना धरून राहत नाहीत. एकेकट्या सुटतात आणि भिंतीत पसरतात. गाठ दिसतच नाही, नुसती भिंत कडक होते. ही तरुणांनाही गाठते, बायकांनाही जवळजवळ तेवढीच. जंतूचा हात तिच्यातही असू शकतो, पण काही थोड्या घरांत ती रक्तातून येते. म्हणून एका ओळीत कुठे आणि कोणती हे चुकलं, तर शंभर ओळींवरून काढलेलं अनुमानही चुकतं.

आमच्याकडे ईशान्येकडचे रोगी खूप यायचे. मिझोरमचे एक निवृत्त शाळामास्तर आठवतात. जावयाला घेऊन आले होते, स्वतः रोगी. मी छापील प्रश्न विचारले. विडी-सिगारेट? नाही. तंबाखू खाता? नाही. मी दोन्हीकडे 'नाही' लिहिलं. मास्तरांनी तेवढ्यात खिशातून एक छोटी बाटली काढली, गढूळ पाण्याचा घोट घेतला, तोंडात धरला आणि जरा वेळाने माझ्या परवानगीने बेसिनमध्ये थुंकला.

"हे काय आहे, सर?"

"तंबाखूचा धूर पाण्यात सोडतात. ते पाणी."

"मग मघाशी नाही का म्हणालात?"

"तुम्ही विचारलंत ओढता का, खाता का. मी ओढत नाही, खात नाही." शाळामास्तरच ते. वर म्हणाले, "प्रश्न अपुरा होता."

आमच्या छापील तक्त्यात त्या पाण्याला रकाना नव्हता. मी समासात पेन्सिलीने लिहिलं आणि पुढे प्रत्येक ईशान्येकडच्या रोग्याला तिसरा प्रश्न विचारायला लागले. उत्तर पुष्कळदा 'हो' यायचं. खात्याने तो रकाना छापायला फार वर्षं घेतली. तोवर माझे समास भरत गेले.

दुसरे आपले देशपांडेकाका. जुन्या सभासदांना आठवतील, गणपतीत प्रसादाच्या मोदकांवर ज्यांचा पहारा असायचा ते. चाळीस वर्षं पित्त, चाळीस वर्षं जेवणानंतर सोडा. गिळताना अडकायला लागलं तरी, "अगं, पित्त कोणाला होत नाही?" तपासणीत आजार निघाला तो नेमका देठापाशी. मी त्यांची ओळ लिहिली त्याच दिवशी ते खोलीत येऊन उभे. "सुनेत्रा, मला कुठे घातलंस?" मी सांगितलं, जठर, वरचा भाग. "म्हणजे वरच्या वर्गात. बरं झालं. जन्मभर सेकंड क्लासने फिरलो." काका नंतर दीड वर्ष होते. त्यांच्या ओळीतली शेवटची तारीख मी घातली, आणि त्या दिवशी मुडी खाल्ली नाही.

आता माझी चूक सांगते. नावं अर्थातच बदलली आहेत.

बंगाल्यांना दोन नावं असतात, हे इथे राहणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. एक घरात हाक मारायचं, डाकनाम. दुसरं शाळेच्या दाखल्यावरचं, भालोनाम. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. घरी जो खोकोन असतो तो कागदावर अनिरुद्ध असतो. रुग्णालयात घाईत आलेल्या माणसाचा केसपेपर शेजारी लिहून देतो आणि शेजाऱ्याला डाकनामच ठाऊक असतं. मग प्रयोगशाळेचा कागद येतो तो भालोनामाने. या जोड्या ओळखायला मी फार लवकर शिकले. आडनाव, वडिलांचं नाव, पत्ता, आजार जुळले आणि एक नाव लाडाचं, दुसरं पुस्तकी असलं, की माणूस एक. वय एक-दोन वर्षं इकडेतिकडे चालायचं, कारण वय विचारलं की आपल्या देशात माणूस अंदाज सांगतो. बाहेरून आलेल्या मराठी बाईला हे जमतं याचं सगळ्यांना कौतुक होतं. मलाही होतं.

तर शहरातल्या बेहाला भागातला एक पत्ता. मिठू सरकार, वय अडतीस, आमच्याच रुग्णालयात, पोट, विखुरणारी जात. दीड महिन्याने एका खासगी प्रयोगशाळेतून शर्मिष्ठा सरकार, वय छत्तीस, तोच पत्ता, तोच फोन, वडिलांचं नाव तेच, पोट, विखुरणारी जात. मिठू हे डाकनाम, शर्मिष्ठा हे भालोनाम. दोन मिनिटांचं काम. मी दोन ओळी एक केल्या. अशा बदलाला दुसरी सही लागते. निमाईदा निवृत्तीला आले होते. "तू बघितलंयस ना? मग मी काय बघू?" म्हणून त्यांनी सही केली.

पुढच्या चैत्रात मी नेहमीचा फोन केला. "मिठू सरकार कशा आहेत?" पलीकडच्या बाईंनी सांगितलं, मिठूदी गेली. मी तारीख विचारून लिहिली आणि ओळ बंद केली.

त्यानंतर चार महिन्यांनी संगणकाने लाल खूण दाखवली. मृत्यूनंतर उपचार. केमोच्या यादीत शर्मिष्ठा सरकार, बेहाला. मी आधी केमो विभागातल्या क्लार्कला फैलावर घेतलं. तो शांतपणे म्हणाला, "दीदी, बाई काल माझ्यासमोर बसली होती. तुमच्याकडे मेली असेल तर तुम्ही बघा."

मी दुपारची बस पकडून बेहालाला गेले. दुमजली घर, तळमजल्यावर शिलाई मशीनचा आवाज. दार उघडलं ते तिशीच्या बाईने, गळ्यात मापाची पट्टी. मी कुठून आले ते सांगितलं.

"मिठूदी तर गेली," ती म्हणाली. "तुम्हीच फोन केला होतात ना?"

"हो. आणि... शर्मिष्ठा सरकार?"

"मेजदी? आत झोपलीय. काल सुया झाल्यात तिच्या."

"मेजदी म्हणजे?"

"मधली बहीण. मिठूदी सगळ्यात मोठी, मधुमिता. मी टुलटुल, धाकटी. तुमचा चेहरा असा का झाला? बसा, पाणी आणते."

पाणी घेऊन ती समोर बसली आणि मला जे कळायला नको होतं ते एकेक करून कळत गेलं. मोठीने लग्न केलं नव्हतं, धाकट्या दोघींना तिनेच वाढवलं. मधली नवऱ्याला सोडून परत आली होती आणि माहेरचं आडनाव लावत होती. मी विचारलं, "आई?"

"आई बेचाळिसाव्या वर्षी गेली. अंबल होतं तिला." अंबल म्हणजे पित्त. इथे पोटाच्या कुठल्याही दुखण्याला तेच नाव देतात.

टुलटुल तेव्हा एकतीस वर्षांची होती.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी डॉक्टर घोषाल मॅडमना एक यादी द्यायची. त्या आमच्या पॅथॉलॉजिस्ट. पन्नाशीच्या आतले, विखुरणाऱ्या जातीचे रोगी, एवढीच यादी. त्या एकेक नाव वाचून कुठे घरातला धागा दिसतो का ते बघायच्या. बहुतेकांच्या घरात तसं काही निघत नाही. पण एका पत्त्यावरच्या दोन बहिणी त्यांच्या नजरेतून सुटल्या नसत्या. त्यांच्यापर्यंत गेली ती एकच ओळ. दोन ओळी एक केल्याला सोळा महिने झाले होते. धाकटीला कोणीतरी बोलवायला हवं होतं, आणि ते सोळा महिने मी खाल्ले होते.

मी मॅडमच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला नाही.

"ओळी पुन्हा वेगळ्या करता येतात?"

"येतात."

"मग कर. आणि त्या धाकटीला घेऊन ये. रडायचं असेल तर ते नंतर, घरी."

टुलटुलला आणणं सोपं नव्हतं. दुर्गापूजा तोंडावर, ब्लाउजांचा ढीग. "पूजेच्या आधी कोण पोटात नळी घालून घेतं, दीदी? गिऱ्हाइकं मलाच नळीत घालतील." कोजागरीची लक्ष्मीपूजा झाल्यावर आली. दुर्बिणीत काही दिसलं नाही, काढलेले तुकडेही स्वच्छ. पण रक्ताच्या तपासणीत मधलीत आणि तिच्यात एकच दोष निघाला. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा पदार्थ नीट बनत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. "म्हणजे टाके कच्चे आहेत," टुलटुल म्हणाली. "बरोबर," डॉक्टर म्हणाले, "आणि कुठला टाका कधी सुटेल ते आम्हाला बाहेरून दिसत नाही." सल्ला असा की पूर्ण जठर काढून टाकायचं. शिवाय या दोषात बायकांना स्तनाच्या एका प्रकारच्या कॅन्सरचाही धोका असतो, म्हणून दरवर्षी तीही तपासणी.

पौषात शर्मिष्ठा गेली. पंधरा दिवसांनी मी बेहालाला गेले तेव्हा टुलटुल एका ब्लाउजाला टाचण्या लावत होती.

"दीदी, माझं पोट दुखत नाही. भूक लागते. दुर्बिणीत काही नाही. आणि हे म्हणतात, काढून टाका. तुम्ही इतक्या माणसांची वही लिहिता. तुम्ही सांगा."

नोंदणीच्या माणसाने सल्ला द्यायचा नाही, हा आमचा कडक नियम. तो मी मोडला नाही. पण म्हटलं, मला विचारू नकोस, आणि का विचारू नकोस ते सांगितलं. दोन ओळी, सही, सोळा महिने, सगळं.

तिने टाचण्या बाजूला ठेवल्या. "म्हणजे सोळा महिने तुमच्या वहीत मेजदी नव्हतीच?"

"नव्हती."

"मिठूदीच होती. दोघींची मिळून."

"हो."

तिने मापाची पट्टी बोटाला गुंडाळून सोडवली. मग म्हणाली, "मेजदीला कळलं असतं तर फार चिडली असती. लहानपणापासून मिठूदीचेच जुने कपडे घालून वाढली ती." आणि हसायला लागली, आणि हसता हसता तोंडावर पदर धरून रडली. मी मशीनपाशी उभी. मग खाली पडलेल्या टाचण्या वेचल्या.

"लवकर कळलं असतं तर मेजदी वाचली असती?"

"नाही. मी चूक केली तेव्हा तिला आजार झालेलाच होता. उशीर झाला तो तुला."

"मग मला अजून उशीर नको. सांगा तुमच्या डॉक्टरांना. आणि त्या वहीत आमच्या घराची तिसरी ओळ मला नको."

फाल्गुनात शस्त्रक्रिया झाली. घोषाल मॅडमनी काढलेलं अख्खं जठर बारीक कापून दिवसचे दिवस तपासलं. दुर्बिणीला जे दिसलं नव्हतं ते त्यांना सापडलं, दोन ठिपके, अगदी वरच्या थरात. पूर्ण निघून गेलेले. पण सापडले ते सापडले. नियमाप्रमाणे मला तिसरी ओळ लिहावी लागली. आणखी वर्षभर उशीर झाला असता तर, हा विचार मी त्या दिवशी पहिल्यांदा केला आणि अजूनही करते. वेळेत पोचलो ते नशिबाने. आमच्या पद्धतीचं त्यात काही श्रेय नाही. त्यानंतर घरी जाऊन खात्री केल्याशिवाय मी दोन ओळी एक केल्या नाहीत. निमाईदांना मी हे कधीच सांगितलं नाही. निवृत्तीनंतर ते मुलीकडे दुर्गापूरला गेले. पूजेच्या दिवसांत फोनवर अजून सांगत असतात की शुनेत्रादीच्या कामावर डोळे मिटून सही करावी.

टुलटुलला ओळीबद्दल मीच सांगितलं. "फसवलंत, दीदी!" म्हणाली. मग मी तिला सांगितलं की प्रत्येक ओळीला शेवटी एक रकाना असतो, हयात असल्याची तारीख, आणि तो दरवर्षी खोडून पुन्हा लिहायचा असतो. तिने तो संगणकावर दाखवायला लावला. नीट वाचला. "हा भरायला मी येईन," म्हणाली.

पहिली दोन वर्षं ती स्वतः आली, वजन बरंच उतरलेलं, पर्समध्ये बिस्किटं. दिवसातून सात-आठ वेळा थोडं थोडं खावं लागतं तिला. आता मेट्रो झाली तरी येत नाही, काम वाढलंय म्हणते. गेल्या फाल्गुनात मी माझ्या टेबलाची आवराआवर करताना फोन केला आणि तिच्या रकान्यात तारीख घातली. ती मी लिहिलेली शेवटची नोंद.

यंदा फाल्गुनात मी घरूनच फोन लावला. पलीकडे मशीन चालू होतं.

"बेंचे आछि, दीदी," ती ओरडली. जिवंत आहे. "लिहून घ्या."

आता वही कुठली! स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्याशेजारी जागा होती. तिथे लिहून घेतलं.